सारथ्य आणि सत्ता

एखादा मनुष्य एखाद्या विद्येत पारंगत ठरला की त्या विद्येचे राज्यही त्याच्याच हाती सोपवावे, ही समजूत लोकांच्या मनात इतकी खोल रुजलेली आहे की तिजविषयी कोणी शंका काढलीच, तर शंका काढणाराच मत्सरी ठरतो. उत्तम नट नाटक मंडळीचा मालक होतो, आणि थोड्याच वर्षांत मंडळी सावकाराच्या दारात उभी राहते. उत्तम अध्यापक प्राचार्याच्या खुर्चीवर बसतो, आणि विद्यार्थी एका चांगल्या अध्यापकास मुकतात. महाविद्यालयास मात्र चांगला प्राचार्य मिळतोच असे नाही. आमची स्वतःची हयात अध्यापनात गेली असल्यामुळे ह्या दुसऱ्या प्रकाराची उदाहरणे आम्ही जवळून पाहिली आहेत. ती येथे देण्याचे प्रयोजन नाही. तथापि ह्या समजुतीत सत्याचा अंश किती व भ्रमाचा किती, हे तपासून पाहण्याजोगे एक उदाहरण गेल्या काही वर्षांत आम्हांस आमच्या नेहमीच्या वाटेबाहेर सापडले. ते मोटारींच्या रॅलीचे होय.

डिसेंबर 2021 मध्ये मोटारशर्यतींच्या जागतिक महासंघाच्या, म्हणजे ज्यास सर्वत्र एफ. आय. ए. ह्या आद्याक्षरांनी ओळखतात त्या संस्थेच्या, अध्यक्षपदी दुबईचे मोहम्मद बेन सुलेम निवडून आले. 1904 साली स्थापन झालेल्या ह्या संस्थेचा अध्यक्ष युरोपाबाहेरचा असण्याची ती पहिलीच वेळ. बेन सुलेम हे स्वतः रॅलीचालक. मध्यपूर्वेच्या रॅलीचे अजिंक्यपद त्यांनी चौदा वेळा मिळविलेले. त्या निवडीने आम्हांस आनंद झाला होता, हे प्रारंभीच कबूल करणे प्राप्त आहे. कायदेपंडितांनी व व्यवस्थापकांनी दीर्घकाळ चालविलेली ही संस्था अखेर अशा एका मनुष्याच्या हाती गेली की ज्याने आपली कीर्ती धुळीत चाक फिरवून मिळविली आहे, असे तेव्हा आम्ही स्नेह्यांजवळ बोलूनही दाखविले. आज ते मत जसेच्या तसे धरून राहणे आम्हांस शक्य नाही. का शक्य नाही, हे सांगण्यापूर्वी रॅली म्हणजे काय हे थोडे विस्ताराने सांगावे लागेल.

वाङ्मयाला वाहिलेल्या मासिकात मोटारींचे काय काम, असे विचारणाऱ्या वाचकास आमचे उत्तर असे की, ज्यात वाचन हे जीवनमरणाचे कार्य होऊन बसते असा दुसरा खेळ आमच्या पाहण्यात नाही. वर्तुळाकार मार्गावरील शर्यतीत चालक तीच वळणे पन्नास वेळा घेतो. तो मार्ग त्यास अंगवळणी पडतो. रॅलीचा रस्ता हा खेड्यापाड्यांतून किंवा रानातून जाणारा साधा रस्ता असतो. काही तासांपुरता तो बंद करितात, ठराविक अंतराने एकेक मोटार सोडतात, आणि झुंज शेजारच्या मोटारीशी नसून घड्याळाशी असते. शेकडो वळणांचा असा रस्ता कोणास मुखोद्गत होणे नाही. म्हणून मोटारीत दोघे बसतात. शर्यतीच्या आधी काही दिवस हे दोघे नेमून दिलेल्या मर्यादित वेगाने तो रस्ता पाहून येतात. चालक वळण पाहतो व बोलतो, शेजारचा लिहितो. वळण किती तीव्र हे बहुधा एक ते सहा अशा अंकांनी सांगतात. पुढचे वळण किती मीटरांवर आहे, उंचवट्यामागे रस्ता कोणीकडे कलतो, कोठे आतली कड कापू नये, कारण तेथे गवतात दगड दडलेला आहे, हे सारे लघुलिपीसारख्या खुणांनी वहीत उतरते. शर्यतीच्या दिवशी हीच वही शेजारचा मोठ्याने वाचतो, आणि शिरस्त्राणातील ध्वनियंत्रातून ते शब्द चालकाच्या कानी पडतात. उंचवट्यापलीकडचा रस्ता चालकास दिसत नसतो. तरी तो वेग कमी करीत नाही, कारण पलीकडे काय आहे हे त्याने ऐकलेले असते.

ह्या व्यवहारातील मौज वाङ्मयाच्या अभ्यासकाने विशेष लक्षात घ्यावी. ग्रंथाचा कर्ता चालकच. परंतु प्रसंगी त्यास आपलाच ग्रंथ वाचण्याची सवड नाही. स्वतःचे शब्द दुसऱ्याच्या मुखातून ऐकून त्यांवर प्राण सोपवावयाचे, अशी ही योजना आहे. वाचणाऱ्याचे कौशल्य तरी केवढे! एक शब्द क्षणभर लवकर उच्चारला तर वळण येईपर्यंत तो विसरला जातो; क्षणभर उशिरा उच्चारला तर तो निरुपयोगी. वहीत पाहावयाचे, रस्त्याकडे क्वचितच. आणि पाठीला बसणाऱ्या धक्क्यांवरून आपण कोठे आलो हे ओळखावयाचे. पाठ्यग्रंथ वर्गात वाचून दाखविण्याचे काम आम्ही तीस वर्षे केले, पण आमच्या वाचनाची घाई इतक्या आतुरतेने कोणी केली नाही.

आपल्या महाभारतातही रथात दोघेच असतात. भेद एवढाच की तेथे हाकणारा बोलतो आणि लढणारा ऐकतो. रॅलीत हाकणारा ऐकतो आणि न हाकणारा बोलतो. रथाचे हित दोन्हीकडे वाणीवर अवलंबून असते. शल्य हा अश्वविद्येत कृष्णाच्या तोडीचा म्हणूनच कर्णाने त्यास मागून घेतले, आणि घोडे त्याने उत्तम हाकले. कर्णाचे तेज त्याने हरण केले ते वाणीने. विराटपर्वातील उत्तराची कथा ह्याच्या अगदी उलट. अंतःपुरात बढाया मारणारा तो राजपुत्र रणभूमीवर पळत सुटला, पण एकदा आपल्या शेजारी कोण आहे हे उमगल्यावर त्याने मुकाट्याने लगाम हाती घेतले व सांगितले तिकडे रथ नेला. त्याची जी काही शोभा राहिली ती ह्या एका शहाणपणामुळे.

अशा टिपणांची पहिली प्रसिद्ध कथा रॅलीतील नसून इटलीतील मिल्ले मिलिया ह्या हजार मैलांच्या रस्ताशर्यतीतील आहे, आणि तिचा नायक एक लेखक आहे. 1955 साली स्टर्लिंग मॉस ह्या इंग्रज चालकाच्या शेजारी डेनिस जेंकिन्सन नावाचे दाढीवाले पत्रकार बसले. त्यांनी मार्गाची टिपणे एका लांबलचक कागदाच्या गुंडाळीवर लिहून ती अॅल्युमिनियमच्या डबीत बसविली होती. एका दांड्यावरून गुंडाळी सोडीत दुसऱ्यावर घ्यावयाची. इंजिनाच्या गर्जनेत शब्द ऐकू येणे अशक्य, म्हणून सारा संवाद हातांच्या खुणांनी. वाटेत वाऱ्याने त्यांचा चष्मा उडून गेला. त्यांनी खिशातून दुसरा काढला. मर्सिडीजच्या त्या गाडीने 10 तास 7 मिनिटे 48 सेकंदांत अंतर तोडले. पुढे जेंकिन्सन यांनी त्या प्रवासावर आपल्या मासिकात जो लेख लिहिला, तो मोटारविषयक इंग्रजी लेखनात अद्यापि नावाजला जातो. मॉस यांनी टिपणावर विश्वास ठेवून, पलीकडचे काही दिसत नसता, पूर्ण वेगाने उंचवटे ओलांडले. आमच्या मते त्या विजयातील धाडसाचा भाग हाच.

आता ज्या प्रतिमेने आमच्यासारख्या पुष्कळांची दिशाभूल केली तिच्याकडे वळू. अमेरिकेतील कोलोरॅडो संस्थानात पाइक्स पीक नावाचा पर्वत आहे. त्याच्या शिखरापर्यंत सुमारे 20 किलोमीटरांचा, 156 वळणांचा रस्ता जातो व 4,300 मीटर उंचीवर संपतो. 1988 साली हा रस्ता खडीचा व मातीचा होता, आणि कडेला कठडे नव्हते. फिनलंडचे अरी वातानेन यांनी त्या वर्षी प्यूजो मोटारीतून ही चढाई 10 मिनिटे 47.22 सेकंदांत केली. आदल्या वर्षीचा वाल्टर रोर्ल यांचा विक्रम 10 मिनिटे 47.85 सेकंदांचा होता. ह्या चढाईवर झाँ-लुई मुरे यांनी 'क्लाइम्ब डान्स' हा सुमारे पाच मिनिटांचा लघुपट केला. त्यात निवेदन नाही. इंजिनाचा नाद, धुळीचे लोट, दरीच्या कडेवर आडवी होऊन सरकणारी मोटार, एवढेच. एके ठिकाणी समोरून सूर्य डोळ्यांवर येतो. वातानेन वेग कमी करीत नाहीत. ते एक हात चाकावरून उचलून डोळ्यांवर धरतात आणि उरलेल्या एका हाताने गाडी वळणातून नेतात.

चित्र अप्रतिम आहे. आम्ही ते अनेकदा पाहिले आहे व आणखीही पाहू. परंतु टीकाकाराच्या दृष्टीने पाहता त्यात एक गोम आहे. ह्या चढाईत शेजारचे आसन रिकामे असते. एकटा पुरुष, एकच हात, समोर सूर्य आणि बाजूस दरी, असे जे वीरचित्र तयार होते ते रॅलीचे नव्हे. तरीही रॅलीचालक म्हटला की लोकांच्या डोळ्यांपुढे उभे राहते ते हेच चित्र; आणि अध्यक्षपदासाठी मत देणाराही बहुधा ह्याच चित्राला मत देतो. हात दिसतात, कान दिसत नाहीत.

वातानेन यांच्याच चरित्रात ह्या गोष्टीची कसोटी लागली, आणि ती अशा रीतीने की कादंबरीकाराने रचिली असती तर आम्ही तीस कृत्रिम म्हटले असते. 1981 साली वातानेन जगज्जेते झाले, तेही कारखान्याच्या अधिकृत संघाकडून नव्हे, एका खाजगी संघाकडून. त्यांच्या शेजारी डेव्हिड रिचर्ड्स हे ब्रिटिश गृहस्थ बसत. त्या वर्षी दुसरा क्रमांक मिळविणारे फ्रेंच चालक गी फ्रेकलँ. त्यांच्या शेजारी टिपणे वाचणाऱ्या गृहस्थांचे नाव झाँ टॉट. त्यानंतर टॉट यांनी वही मिटली आणि प्यूजोच्या शर्यतविभागाचे प्रमुखपद घेतले. काही काळाने वातानेन त्यांच्या हाताखाली गाडी चालवू लागले. 1985 मध्ये आर्जेंटिनात वातानेन यांची गाडी उलटून ते मरणाच्या दारातून परत आले. शरीर सावरले तरी मन दीर्घकाळ सावरेना. अशा मनुष्यास टॉट यांनी पुन्हा गाडी दिली, आणि 1987 च्या आरंभी वातानेन यांनी पॅरिसहून डाकारपर्यंतची वाळवंटातील रॅली जिंकली. चालकाचा पुनर्जन्म घडविण्याचे श्रेय वैद्यांइतकेच ह्या टिपणे वाचणाऱ्या मनुष्यास द्यावे लागेल.

1989 च्या डाकार रॅलीतील प्रसंग तर सर्वश्रुत आहे. वातानेन आणि बेल्जियमचे जॅकी इक्स, दोघेही प्यूजोचेच, सर्वांच्या पुढे होते आणि एकमेकांवर मात करण्याच्या भरात गाड्यांचा चुराडा करण्याच्या बेतास आले होते. टॉट यांनी दहा फ्रँकचे नाणे उडविले. नाण्याने वातानेन यांच्या बाजूने कौल दिला. इक्स यांस मागे राहण्याची आज्ञा झाली, व त्यांनी ती पाळली. हा प्रसंग आम्हांस आजही अस्वस्थ करितो. दोन शूर पुरुषांची झुंज एका नाण्यावर टाकणे हा क्रीडेचा अपमान नव्हे काय? आहे, असेच आमचे मत. परंतु राज्यकर्त्याची बुद्धी कशी चालते हे पाहावयाचे असेल तर ह्याहून स्वच्छ उदाहरण मिळणार नाही. टॉट ह्यांस कोण जिंकतो याची पर्वा नव्हती. दोन्ही गाड्या मुक्कामास पोहोचाव्यात, एवढीच होती. वही वाचणाऱ्याची हीच दृष्टी असते. त्याच्या हाती चाक नसल्यामुळे पराक्रमाचा मोह त्यास नाही. भय मात्र पुरेपूर आहे, कारण गाडी दरीत गेली तर तोही जातो.

वीस वर्षांनी, ऑक्टोबर 2009 मध्ये, हेच दोघे महासंघाच्या अध्यक्षपदासाठी एकमेकांपुढे उभे राहिले. वातानेन त्यापूर्वी दहा वर्षे युरोपीय संसदेचे सभासद होते, पहिली पाच वर्षे फिनलंडमधून आणि पुढची पाच फ्रान्समधून. म्हणजे राजकारण त्यांस अपरिचित नव्हते. सुधारणेचा झेंडा त्यांच्या हाती होता, लोकांचा स्नेह त्यांच्याकडे होता. मते मोजली तेव्हा टॉट यांस 135 व वातानेन यांस 49 मिळाली. ह्या निकालाची कारणे शोधणाऱ्याने फार खोल जाण्याचे कारण नाही. मावळते अध्यक्ष मॅक्स मोस्ली यांचा पाठिंबा टॉट यांस होता. आणि महत्त्वाची गोष्ट ही की, ह्या महासंघात मताधिकार चालकांस नाही, देशोदेशींच्या मोटारसंघांस आहे. त्यांपैकी कित्येक संघांचे मुख्य काम रस्त्यात बंद पडलेल्या सभासदाची गाडी ओढून आणण्याचे असते. त्यांचे प्रतिनिधी पाइक्स पीकचा लघुपट पाहून मत देत नाहीत. तेव्हा आम्ही मनाने वातानेन यांच्या बाजूचे होतो. आजही त्यांच्याविषयीचा आमचा आदर कमी झालेला नाही. परंतु 135 जणांनी केवळ कारस्थानाने मत दिले असे म्हणण्यास आम्ही आता धजणार नाही.

मध्यंतरी एक गोष्ट सांगून टाकली पाहिजे, नाहीतर आम्ही चालकांवर अन्याय केल्यासारखे होईल. एखाद्या संघाचा प्रमुख होणे व साऱ्या क्रीडेचा अध्यक्ष होणे ह्यांत अंतर आहे, आणि पहिल्या कामात चालक चांगले चमकले आहेत. फिनलंडचे टॉमी मॅकिनेन 1996 पासून 1999 पर्यंत ओळीने चार वर्षे जगज्जेते होते. पुढे त्यांनी टोयोटासाठी संघ उभारला, 2017 मध्ये तो मैदानात उतरविला आणि 2018 चे उत्पादकांचे अजिंक्यपद मिळविले. त्यांच्यामागून 2021 साली प्रमुखपदी आलेले यारी-मात्ती लात्वाला ह्यांनी चालक म्हणून अठरा रॅली जिंकल्या होत्या, परंतु जगज्जेतेपद एकदाही नाही. त्यांच्या हाती संघाने 2021, 2022, 2023 व 2024 अशी चारही वर्षे उत्पादकांचे अजिंक्यपद मिळविले. उभारलेले घर त्यांस आयते मिळाले, हे खरे. तरी ज्याने हरण्याची चव पुरेपूर घेतली आहे तो इतरांचे ऐकून घेण्यास अधिक तयार असतो, असा आमचा तर्क आहे. तो तर्कच, सिद्धांत म्हणून आम्ही तो मांडीत नाही.

आता बेन सुलेम यांच्या कारकीर्दीकडे येऊ. न्याय्य बोलावयाचे तर तिच्या जमेच्या बाजूने प्रारंभ करावा. ते आले तेव्हा, म्हणजे 2021 साली, महासंघाचा कारभार सुमारे 2 कोटी 40 लक्ष युरोंच्या तुटीत होता. 2024 चा हिशेब 47 लक्ष युरोंच्या शिलकीचा लागला. हिशेब सुधारणे हे अध्यक्षाचे पहिले कर्तव्य होय, आणि ते त्यांनी केले. ज्यांच्या खात्यावर केवळ भाषणे जमा असतात अशा अध्यक्षांपेक्षा हे निश्चित बरे.

पण पुढचा भाग शब्दांचा आहे, आणि तेथे आम्हांस बोलण्याचा अधिकार थोडा अधिक आहे. 2024 च्या सप्टेंबरात चालकांच्या तोंडच्या अपशब्दांवर त्यांची दृष्टी गेली. सिंगापूर येथे पत्रकारांशी बोलताना एक अपशब्द वापरल्याबद्दल फॉर्म्युला वन शर्यतींतील जगज्जेते मॅक्स व्हरस्टॅपन यांस सार्वजनिक उपयोगाचे काम करण्याची शिक्षा झाली. 2025 च्या आरंभी दंडाचे कोष्टकच प्रसिद्ध झाले. फेब्रुवारीत स्वीडनच्या रॅलीत आद्रियाँ फूरमो ह्या फ्रेंच चालकाने, टप्पा संपल्यावर पुढे आलेल्या ध्वनिग्राहकात, आदल्या दिवशीच्या आपल्याच चुकीविषयी बोलताना एक अपशब्द उच्चारला. त्यास 10,000 युरो दंड झाला, आणि आणखी 20,000 युरोंचा दंड डोक्यावर टांगता राहिला.

असभ्य भाषेचा पुरस्कार आम्ही करतो असा कोणी ग्रह करून घेऊ नये. वर्गात आम्ही ती कधी खपवून घेतली नाही. परंतु क्षेमेंद्राने ज्यास काव्याचे जीवित म्हटले ते औचित्य म्हणजे शब्दांची यादी नव्हे. शब्द, वक्ता, प्रसंग व उद्देश ह्यांचा मेळ होय. दुसऱ्यास दिलेली शिवी आणि स्वतःवर चिडून निघालेला उद्गार ह्यांचा कोशातील शब्द एकच असला तरी अर्थ एक नव्हे. नाडी अजून उडते आहे, हात थरथरत आहेत, अशा क्षणी तोंडापुढे यंत्र धरावयाचे आणि बाहेर पडलेल्या शब्दाचे मोल युरोंत ठरवावयाचे, हे कोशकारासही न शोभणारे काम आहे. मग ज्याने स्वतः असे शेकडो टप्पे संपविले त्याला ते कसे शोभावे?

चालकांनी दिलेले उत्तर आमच्या दृष्टीने ह्या साऱ्या प्रकरणातील सर्वांत सुंदर भाग आहे. त्यांनी आपली एक संघटना उभी केली, आणि मार्च 2025 मध्ये केनियातील सफारी रॅलीत टप्प्याच्या शेवटी एक तर मौन धरले किंवा आपापल्या मातृभाषेत उत्तरे दिली. इंग्रजी ही जणू दंडाची भाषा ठरली. तिच्या कक्षेबाहेर पाऊल टाकताच मनुष्य निर्भय झाला. इंग्रजी विद्येवर पोट भरलेल्या आमच्यासारख्यास ही गोष्ट वाचून गंमतही वाटली व किंचित लाजही. ध्वनिग्राहक पुढे धरून उभा असलेला वार्ताहर, आणि समोर धुळीने माखलेला, मान हलवून मुकाट्याने निघून जाणारा चालक, हे चित्र पाइक्स पीकच्या चित्राशेजारी टांगण्याजोगे आहे.

मे महिन्यात मूळ दंड 10,000 युरोंवरून 5,000 वर आला, आणि शर्यतीच्या ऐन भरातला शब्द व पत्रकारपरिषदेतला शब्द ह्यांत भेद करण्याचे मान्य झाले. अध्यक्षांनी ऐकले, हे आम्ही त्यांच्या जमेस धरतो. तथापि त्या सुमारास त्यांनी ज्या आशयाचे निवेदन केले ते विचार करण्याजोगे आहे: आपण स्वतः पूर्वीचे रॅलीचालक असल्यामुळे चालकांवर पडणारा ताण इतर बहुतेकांपेक्षा आपणांस अधिक समजतो. आमच्या मते चालकांच्या राज्याविषयीची सारी भ्रांती ह्या एका विधानात साठलेली आहे. विधान खोटे नाही. पण मला समजते म्हणणारा मनुष्य विचारण्याचे कष्ट घेत नाही, आणि आपल्या आठवणीतील रस्ता व समोरचा रस्ता एकच आहे असे धरून चालतो. वस्तुतः गाडीत बसलेला असता त्याने असे कधीच केले नसते. ओळखीच्या रस्त्यावरही रॅलीचालक वही वाचून घेतो. गेल्या वर्षीची नव्हे, ह्या वर्षी पाहून आलेल्या रस्त्याची. वाहून गेलेली माती, नव्याने वर आलेला दगड, हे गेल्या वर्षीच्या वहीत नसते. चौदा अजिंक्यपदे मिळविणाऱ्यास हे सांगावयास नको होते.

आणि वही वाचणाऱ्यांचे काय झाले? ज्यांनी 1981 साली वातानेन यांच्यासाठी टिपणे वाचली ते डेव्हिड रिचर्ड्स 2025 च्या आरंभी ब्रिटनच्या मोटारक्रीडा संघाचे अध्यक्ष व जागतिक क्रीडा मंडळाचे सभासद होते. 2001 साली रिचर्ड बर्न्स यांस जगज्जेतेपदापर्यंत नेणारे रॉबर्ट रीड हे महासंघाचे क्रीडाविषयक उपाध्यक्ष होते, 2021 च्या निवडणुकीत बेन सुलेम यांच्याच गटातून आलेले. फेब्रुवारी 2025 मध्ये ह्या दोघांनी गुप्ततेच्या वाढीव करारावर सही करण्याचे नाकारले, आणि मंडळाच्या बैठकीत त्यांस प्रवेश मिळाला नाही. बातम्या बाहेर फुटू नयेत म्हणून करार आवश्यक, असे महासंघाचे म्हणणे; हा तोंड बांधण्याचा प्रकार आहे, असे रिचर्ड्स यांचे. एप्रिलमध्ये रीड यांनी राजीनामा दिला. कारभाराच्या रीती ढासळल्या आहेत व महत्त्वाचे निर्णय विचारविनिमयावाचून होतात, असे त्यांनी जाहीरपणे लिहिले. महासंघाने आपल्या कारभाराची व्यवस्था भक्कम असल्याचे उत्तर दिले. दोन्ही बाजूंचा निवाडा करण्याइतकी कागदपत्रे आमच्यापुढे नाहीत, आणि रीड व रिचर्ड्स हे सर्वस्वी निःस्वार्थ आहेत असेही आम्ही म्हणत नाही. शल्यही शेजारच्याच आसनावर बसलेला होता. तथापि ज्यांच्या आयुष्याचे काम वेळेवर बोलणे हेच होते, अशा दोन मनुष्यांपैकी एक दाराबाहेर राहतो आणि दुसराही आधी दाराबाहेर, मग पदाबाहेर जातो, ही घटना आम्हांस हिशेबाच्या शिलकीपेक्षा अधिक बोलकी वाटते. गाडीचा वेग तोच राहिला, वाचन थांबले.

12 डिसेंबर 2025 रोजी ताश्कंद येथे पुन्हा निवडणूक झाली. मतपत्रिकेवर एकच नाव होते. उमेदवारास आपल्यासह जगाच्या निरनिराळ्या विभागांतील उपाध्यक्षांची नावे द्यावी लागतात, व ती जागतिक मंडळासाठी मान्य झालेल्या यादीतूनच घ्यावी लागतात. दक्षिण अमेरिकेतून त्या यादीत एकच नाव होते, आणि ते बेन सुलेम यांच्या गटात आधीच गेलेले. ज्यांस उभे राहावयाचे होते त्यांची यादी पुरी होईना. नियमांप्रमाणे सारे यथासांग झाले, असे महासंघ म्हणतो. नियमांप्रमाणे झाले ह्याविषयी आम्हांसही शंका घेण्याचे कारण दिसत नाही. वातानेन यांस 2009 मध्ये 49 मते तरी मिळाली होती.

त्याच वर्षी आणखी एका जगज्जेत्या रॅलीचालकाने ह्या पदाचा विचार केला होता. स्पेनचे कार्लोस सैन्झ 1990 व 1992 चे जगज्जेते. मे महिन्यात त्यांनी अध्यक्षपदास उभे राहण्याचा विचार बोलून दाखविला, आणि जूनमध्ये तो सोडून दिला. परिस्थिती अनुकूल नाही, व डाकारच्या तयारीत आपणांस उणीव पडू द्यावयाची नाही, असे त्यांनी सांगितले. वयाची साठी उलटल्यावर खुर्ची नाकारून चाक पत्करणे हे कित्येकांस पळपुटेपणाचे वाटले असेल. आम्हांस तसे वाटत नाही, आणि त्यांच्या हातून महासंघाचा कारभार कसा झाला असता ह्याविषयी तर्क करण्यातही अर्थ नाही. डाकारची रॅली त्यांनी चार वेळा जिंकली आहे: 2010, 2018, 2020 व 2024. चारही वेळा त्यांच्या शेजारच्या आसनावर एकच मनुष्य होता. त्याचे नाव लुकास क्रूझ.